३०२ मज्जापेशींचा नकाशा: सिडनी ब्रेनरचा डाव साधला की हुकला?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

सिडनी ब्रेनर (१९२७–२०१९) हे नाव वॉटसन-क्रिकसारखं शाळेच्या पुस्तकातून कानावर पडत नाही. पण जनुकीय संकेत तीन-तीन अक्षरांचा असतो हे १९६१ साली क्रिकबरोबर दाखवणाऱ्यांत तो होता, आणि मेसेंजर आरएनए (जनुकातला निरोप प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा रेणू) शोधणाऱ्यांतही होता. दुसरा कोणी एवढ्या भांडवलावर आयुष्यभर भाषणं देत फिरला असता. यानं जून १९६३ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहिलं: रेणवीय जीवशास्त्रातले जुने प्रश्न जवळजवळ सगळे सुटलेत, राहिलेले दहा वर्षांत सुटतील, आता प्राण्याची वाढ आणि मज्जासंस्था यांच्याकडे वळायला हवं. वय वर्षं ३६.

त्यासाठी त्यानं निवडला सी. एलिगन्स नावाचा कृमी. लांबी एक मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार दिसणारं, खाणं जिवाणू, साडेतीन दिवसांत पुढची पिढी. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा, काही वर्षांनी बाहेर काढा, पुन्हा वळवळायला लागतो. जननपेशी सोडल्या तर शरीरात ९५९ पेशी, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. आणि यात मला सगळ्यात हुशारीची वाटते ती ही गोष्ट: तो उभयलिंगी आहे, स्वतःचं फलन स्वतःच करतो. ज्या प्राण्याला जोडीदार शोधत हिंडावं लागतं, त्याची मज्जासंस्था फार बिघडवली की वंशच खुंटतो. हा पठ्ठ्या लुळा पडला तरी जागच्या जागी पोरं काढतो. म्हणजे बिघाड पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवता येतो.

विचार सरळ होता. जनुकं मज्जासंस्था बांधतात, मज्जासंस्था वर्तन घडवते. तेव्हा एकेक जनुक मोडायचं, वर्तनात काय बिघडलं ते बघायचं, मग जोडण्या कुठे चुकल्या ते शोधायचं, आणि त्यासाठी सगळ्या ३०२ मज्जापेशींच्या जोडण्यांचा नकाशा काढायचा. शोध कसे लागतात याबद्दलही त्याचं मत ठाम होतं: आधी नवं तंत्र, मग नवा शोध, मग नवी कल्पना, आणि बहुधा याच क्रमानं. प्रश्न न ठरवता ढिगानं माहिती जमवणाऱ्या कारखानी संशोधनाची तर तो मनसोक्त टिंगल करायचा.

माझं मत असं की तो बरोबर होता आणि आज आपण बरोबर उलटं चाललोय. महाकाय मेंदू-नकाशे, लाखो माणसांचे जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर), आणि प्रश्न काय तर ते नंतर बघू. मेंदू कळायचा असेल तर आधी असा प्राणी हवा की ज्याचं काहीच मोजायचं राहत नाही, आणि नीट मांडलेला प्रश्न हवा. बाकी खोगीरभरती. येऊ द्या मतं.

ठोकताळा

लेख आवडला, निष्कर्ष अजिबात नाही.

तो नकाशा १९८६ साली छापून आला. व्हाइट, साउथगेट, थॉमसन आणि ब्रेनर. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ३४० पानं, आणि पानांच्या माथ्यावर ऐटीत छापलेलं ‘कृमीचं मन’. तेव्हापासून आजतागायत तो नकाशा संगणकात घालून ‘आता हा कृमी पुढे काय करणार’ हे कोणाला छातीठोकपणे सांगता आलंय का? ३०२ पेशींचं घोडं चाळीस वर्षं अडलंय. माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज आहेत. आणि तुम्ही म्हणता पद्धत बरोबर होती!

रानजाई

ठोकताळा, तुम्ही नकाशाला ब्रेनरचं सगळं काम समजताय. नकाशा हा अर्धा भाग. दुसरा अर्धा १९७४ च्या पेपरमध्ये आहे: रसायन वापरून तयार केलेले ३०० च्या आसपास उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेले) कृमी, त्यांतून सापडलेली सुमारे १०० जनुकं. त्यातली ७७ अशी की ती बिघडली की कृमीची चाल बिघडते.

मी काही वर्षं या कृमींवर काम केलंय म्हणून सांगते, हे प्रत्यक्षात कसं दिसतं. भुवईचा एक केस टूथपिकच्या टोकाला डिंकानं चिकटवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या केसानं कृमीच्या डोक्याजवळ अलगद स्पर्श करायचा. धडधाकट कृमी लगेच मागे सरकतो. शेपटीकडे स्पर्श केला तर पुढे पळतो. काही उत्परिवर्तित कृमी मात्र ढिम्म हलत नाहीत. त्यांना चालता येतं, खाता येतं, तारेनं ढोसलं तर हलतातही, फक्त केसाचा स्पर्श कळत नाही. त्या स्पर्शासाठी मोजून सहा मज्जापेशी आहेत, आणि प्रत्येकीला नाव आहे. स्पर्श या संवेदनेला कोणती जनुकं लागतात, हे एका केसावर शोधलेलं आहे. स्कॅनर नाही, सुपरकॉम्प्युटर नाही.

आता चालीची जनुकं घ्या. अनसी-६ मोडलं की मज्जापेशींचे तंतू वाट चुकतात. त्याच कुळातलं प्रथिन पुढे पृष्ठवंशी प्राण्यांत सापडलं, त्याला नेट्रिन म्हणतात. पाठीच्या कण्यातल्या वाढत्या तंतूंना ते दिशा दाखवतं. अनसी-१३ मोडलं की एका पेशीकडून दुसरीकडे रासायनिक निरोप सुटतच नाही, आणि त्याचेही भाऊबंद आपल्या मेंदूत तेच काम करतात. हे सगळं कशातून आलं? सरपटताना अडखळणाऱ्या अळ्या निवडून वेगळ्या काढण्यातून.

अव्यक्त

रानजाईताई, तंतूंना दिशा मिळते हे मान्य. पण यातून ‘जनुकं मेंदू बांधतात’ हे विधान किती पुढे जातं ते बघा.

या कृमीचा जीनोम १९९८ साली वाचून झाला, बहुपेशीय प्राण्यांतला पहिलाच. जवळपास ९.७ कोटी अक्षरं, साधारण १९ हजार जनुकं. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं किती? वीस हजारांच्या आगेमागे. एकीकडे ३०२ मज्जापेशी, दुसरीकडे ८६ अब्ज, आणि जनुकांचा आकडा जवळपास तोच. तेव्हा कुठली पेशी कुणाला जोडायची याची यादी जनुकांत लिहून ठेवलेली असणं शक्यच नाही, निदान आपल्या बाबतीत तरी.

कृमीच्या बाबतीतही सगळं आलबेल नाही. २०२१ साली जनुकीयदृष्ट्या एकसारख्या आठ कृमींचे नकाशे प्रसिद्ध झाले, जन्मल्यापासून प्रौढ होईपर्यंतच्या वेगवेगळ्या वयांचे. पेशी त्याच, ठेवण तीच, पण बऱ्याच जोडण्या एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. जनुकं सारखी, अन्न सारखं, तरी तारा वेगळ्या. जनुकांनी चौकट दिली, आतलं बरंचसं वाढता वाढता ठरलं. ब्रेनरच्या साखळीतली पहिलीच कडी सैल आहे.

चिमटा

मानवी जीनोमच्या कामाबद्दल ब्रेनरनं सुचवलेला उपाय कोणी सांगितला नाही अजून? हे काम कैद्यांना शिक्षा म्हणून वाटून द्यावं, गुन्हा जितका मोठा तितकं मोठं गुणसूत्र. 😀

आणि मग हाच गृहस्थ फुगू माशाचा जीनोम वाचायला निघाला. दुसऱ्याचा तो कारखाना, आपली ती प्रयोगशाळा. चालू द्या.

सूक्ष्मदर्शी

चिमटा, फुगूचं उदाहरण तर माझ्याच पारड्यात पडतं. त्या माशाचा जीनोम आपल्या जीनोमच्या सुमारे एक-अष्टमांश आहे, जनुकांचा संच मात्र बराचसा आपल्यासारखाच. म्हणजे मधलं लांबच लांब वाचन टाळून जनुकांपर्यंत पोहोचायची आडवाट. अख्खा डोंगर खणण्याऐवजी खाण कुठे आहे ते आधी बघणं याला कारखाना म्हणत नाहीत. कृमी निवडतानाही त्यानं हेच केलं होतं.

अव्यक्त, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण जनुकांत मेंदूचा आराखडा लिहिलेला असतो असं ब्रेनर म्हणत होता असं मला वाटत नाही. प्राणी समजायचा तर तो पेशींच्या पातळीवर समजून घ्या, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. जनुक मोडणं हा प्रश्न विचारायचा मार्ग. घड्याळाचं कुठलं चाक काढलं की काटे थांबतात हे पाहिलं, म्हणून चाकात वेळ लिहिलेली असते असं कोणी म्हणत नाही.

डेटाभक्त

नावाला जागून दोन शब्द.

१) तुमच्याच ब्रेनरच्या क्रमात पहिलं काय आहे? तंत्र. कल्पना सगळ्यात शेवटी. मग मोठी यंत्रं, मोठे नकाशे बांधणाऱ्यांवर राग का?

२) प्रथिनाची साखळी कशी घडी घालते हा जुना प्रश्न. अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीनं त्यात जी मजल मारली तिला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल (हासाबिस आणि जंपर, बरोबर डेव्हिड बेकर) मिळालं. ते शिकलं कशावर? १९७१ पासून एका सामायिक कोठारात जमा होत गेलेल्या, दीड लाखाहून जास्त प्रथिनरचनांवर. त्यातली प्रत्येक रचना ठेवताना कोणाच्या मनात ‘यावर पुढे संगणक शिकेल’ असा प्रश्न नव्हता. ढिगाऱ्यातूनच निघालं.

३) फळमाशीच्या मेंदूचा अख्खा नकाशा २०२४ साली आला. १,३९,२५५ मज्जापेशी, पाच कोटींहून जास्त सिनॅप्स (पेशींमधल्या जोडण्या). जगभरच्या माणसांनी आणि संगणकांनी मिळून तपासलेला, सगळ्यांना खुला. आता माशीवर काम करणारा कोणीही सकाळी प्रश्न सुचला की दुपारपर्यंत त्या पेशी शोधून काढतो. त्याला तुम्ही खोगीरभरती म्हणणार?

अनुस्वार

डेटाभक्त यांचा पहिला मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. पण ‘तंत्र आधी’ म्हणजे काय, ते ब्रेनरच्याच एका प्रयोगातून बघू. जरा लांबण लागेल.

एप्रिल १९६०, गुड फ्रायडे. केंब्रिजला ब्रेनरच्या खोलीत क्रिक आणि पॅरिसहून आलेला फ्रान्स्वा जाकोब वगैरे मंडळी बसलीत. जाकोब पॅरिसचे प्रयोग सांगतोय: जनुक पेशीत शिरलं की प्रथिन जवळजवळ लगेच बनायला लागतं, आणि जनुक नष्ट झालं की थांबतं. म्हणजे जनुक आणि प्रथिन यांच्यामध्ये काहीतरी अल्पायुषी निरोप्या असायला हवा. ब्रेनरला आणि क्रिकला एकदम लख्ख झालं: विषाणूची लागण झालेल्या जिवाणूंत इतरांना आधीच दिसलेला झटपट बनणारा आरएनए, तोच हा निरोप्या.

सिद्ध कसं करायचं? जूनमध्ये ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सनकडे गेले. कारण सिझियम क्लोराइड या मिठाच्या द्रावणात रेणू गरगरवून जड-हलके वेगळे करायचं तंत्र त्याच्या हातात होतं, डीएनएवरच्या १९५८ च्या प्रयोगामुळे गाजलेलं. बेत असा: जिवाणू जड समस्थानिकांवर (त्याच मूलद्रव्यांच्या जड अणूंवर) वाढवायचे, म्हणजे त्यांचे रायबोसोम, पेशीतली प्रथिन बनवणारी यंत्रं, जड. मग विषाणू सोडायचा आणि हलक्या अन्नावर टाकायचं. नवा आरएनए जुन्या जड रायबोसोमवर जाऊन बसला, तर निरोप्या वेगळा आणि रायबोसोम नुसता कारागीर, हे सिद्ध.

प्रयोग लागेचना. त्या तीव्र मिठात रायबोसोमच फुटत होते. परत जायची वेळ आली. एका दुपारी सगळे समुद्रकिनारी निराश बसलेले, आणि ब्रेनर एकदम ओरडला, मॅग्नेशियम! रायबोसोमला धरून ठेवणारं मॅग्नेशियम सिझियमच्या गर्दीपुढे टिकत नव्हतं. परत आले, मॅग्नेशियम भरपूर वाढवलं, रायबोसोम शाबूत राहिले, आणि नवा आरएनए जुन्या जड रायबोसोमवर बसलेला दिसला. मे १९६१ मध्ये पेपर आला.

आता सांगा, तंत्र तर दोन वर्षं सगळ्यांसमोर होतं. ते कशावर चालवायचं हे कोणाला सुचलं? क्रमात तंत्र पहिलं असेल, पण ते वाट बघत पडून राहू शकतं.

डेटाभक्त

गोष्ट मस्त. पण दुसऱ्या बाजूनं बघा: मेसेल्सनचं तंत्र नसतं तर गुड फ्रायडेचा तो साक्षात्कार चहाबरोबर संपला असता. शिवाय ही साठ वर्षांपूर्वीची, तीन माणसांच्या प्रयोगाची गोष्ट आहे. मेंदूचे प्रश्न तीन माणसं आणि एक समुद्रकिनारा यांत मावतील का?

वाटसरू

मला एक मजा दिसते ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. या कृमीनं कमावलेली नोबेलं मोजा.

२००२: ब्रेनर, हॉर्विट्झ, सल्स्टन. अवयवांची वाढ आणि ठरवून होणारा पेशीमृत्यू. या कृमीत वाढताना १०९० पेशी बनतात आणि त्यातल्या १३१ नेमक्या ठरलेल्या वेळी मरतात.
२००६: फायर आणि मेलो, आरएनए इंटरफेरन्स (आरएनए वापरून जनुक गप्प करणं).
२००८: रसायनशास्त्राचं, चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनासाठी. त्यात वाटा असलेल्या मार्टिन चॅल्फीनं ते १९९४ साली याच कृमीत चमकवून दाखवलं होतं.
२०२४: अॅम्ब्रोस आणि रुव्कुन, मायक्रोआरएनए (जनुकांवर ताबा ठेवणारे छोटे आरएनए).

मेंदूसाठी एकही नाही! कृमी निवडला मज्जासंस्थेसाठी, पीक आलं भलत्याच शेतात. मायक्रोआरएनए शोधू म्हणून कोणी निघालं नव्हतं. अळीची वाढ वेळापत्रकाप्रमाणे का होत नाही हे शोधताना ते हाती लागलं. तेव्हा सूक्ष्मदर्शी म्हणतात तसा ‘नीट मांडलेला प्रश्न’ही नाही आणि डेटाभक्त म्हणतात तसा ढिगाराही नाही. जनावर चांगलं निवडलं आणि त्याच्याकडे पुष्कळ जणांनी पुष्कळ वर्षं टक लावून पाहिलं, एवढंच.

रानजाई

वाटसरू, छान यादी. एक भर: चॅल्फीनं ते हिरवं प्रथिन कृमीच्या कुठल्या पेशींत चमकवलं माहीत आहे? मी वर लिहिलेल्या, केसाचा स्पर्श जाणणाऱ्या पेशींत. तो त्यांच्यावरच काम करत होता. म्हणून ‘भलत्याच शेतात’ हे मला पूर्ण पटत नाही.

ठोकताळा

नोबेलं राहू द्या, माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

मज्जाशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांचं खेकडा आणि लॉबस्टरवरचं काम बघा. त्यांच्या जठराच्या स्नायूंची लय सांभाळणारी गाठ आहे, सुमारे ३० मज्जापेशींची. जोडण्या केव्हाच माहीत झाल्या. तरी त्यावर वेगळं रसायन सोडलं की त्याच जोडण्यांतून वेगळी लय निघते. आणि उलटंही: २००४ च्या त्यांच्या पेपरात दाखवलंय की जोडण्यांची ताकद आणि पेशींचे गुणधर्म बरेच वेगळे असले तरी लय सारखीच येऊ शकते. म्हणजे नकाशावरून वर्तन सांगता येत नाही आणि वर्तनावरून नकाशाही नाही. ब्रेनरची दुसरी कडीसुद्धा गेली.

नवखी

थोडा बाळबोध प्रश्न. एका जनुकातल्या एका बदलानं वर्तन बदलतं, असं एक तरी पक्कं उदाहरण आहे का? की सगळं ‘शेकडो जनुकं मिळून थोडं थोडं’ असंच?

रानजाई

आहे, आणि तेही याच कृमीत. काही कृमी अन्नावर पसरून एकेकटे चरतात, काही घोळका करून. डी बोनो आणि बार्गमन यांनी १९९८ साली दाखवलं की एनपीआर-१ नावाच्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात २१५ व्या जागी एक अमायनो आम्ल बदललं की एकलकोंडा कृमी घोळक्यात जातो. एक अक्षर!

अव्यक्त

आणि त्या गोष्टीचा पुढचा अध्याय सहसा कोणी सांगत नाही. एकलकोंडा प्रकार ब्रेनरनं वापरलेल्या एन-टू वाणात आहे, जो जगभर प्रमाण मानतात. २००९ साली मॅकग्राथ, बार्गमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो बदल निसर्गातला नाहीच, तो प्रयोगशाळेत वाढवता वाढवता वाणात शिरला. आयतं अन्न आणि हवेइतका ऑक्सिजन असलेल्या बशीत एकेकट्यानं चरणारे फोफावले. म्हणजे ‘सामान्य कृमी’ म्हणून ज्याला मोजला, तो बशीला सरावलेला कृमी होता.

सगळं मोजता येईल असा प्राणी निवडायचा म्हटलं की ही किंमत येते. तो आपल्या सोयीचा होत जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

अव्यक्त, पण पत्ता लागला ना! कशामुळे? तो बदल एका अक्षरापर्यंत नेऊन भिडवता आला म्हणून, आणि निसर्गातले वाण शेजारी ठेवून तुलना करता आली म्हणून. माणसाच्या मेंदूच्या अभ्यासात अशी किती गृहीतकं लपून बसली असतील आणि ती पकडायचा काहीच उपाय नसेल?

ठोकताळा, तुमच्यासाठी २०२३ चं काम. अँड्र्यू लीफर यांच्या गटानं कृमीच्या डोक्यातली एकेक मज्जापेशी प्रकाशानं चेतवली आणि बाकीच्यांत काय उमटतं ते नोंदलं. २३ हजारांवर जोड्या. नकाशावरून बांधलेले अंदाज आणि प्रत्यक्ष संदेश यांत बरीच तफावत निघाली. एक कारण असं की काही निरोप तारेवरून जातच नाहीत; पेशी न्यूरोपेप्टाइडं (निरोप नेणारे छोटे प्रथिनासारखे रेणू) सोडते, ती दवंडीसारखी पसरतात, आणि ज्या पेशीला कान आहे ती ऐकते. नकाशा अपुरा आहे हे मला मान्य आहे. पण अपुरा कुठे आहे ते पेशीचं नाव घेऊन सांगता येतं, ते दुसऱ्या कुठल्या प्राण्यात इतकं नेमकं सांगता येतं?

डेटाभक्त

२३ हजार जोड्या! सूक्ष्मदर्शी साहेब, हा कुठला नीट मांडलेला प्रश्न? सरसकट सगळ्या पेशी चेतवल्या आणि नोंदत सुटले. स्वागत आहे आमच्या बाजूला.

रानजाई

सरसकट चेतवता आल्या, कारण प्रत्येक पेशी नावानिशी ओळखीची होती. आणि ती ओळख व्हाइट-थॉमसन मंडळींनी कृमीचे पातळ काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हजारो फोटोंवर हातानं खुणा करत वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आली. संगणकावर करायचा प्रयत्न झाला होता, तेव्हाचा संगणक पुरा पडला नाही.

ठोकताळा

ठीक. नकाशा झाला, चेतवण्याची नोंद झाली, पेप्टाइडं कोण सोडतं आणि कोण ऐकतं याचीही यादी झाली. आता बशीत ठेवलेला एक धडधाकट कृमी घ्या, कोणी केस लावू नका. पुढच्या मिनिटाला तो सरळ जाणार की वळणार, एवढंच आधी सांगणारं कोणाचं काम असेल तर दुवा द्या. तोवर मी हुकला म्हणणार.

अव्यक्त

ते सांगता आलं तर ‘कळलं’ म्हणाल का, हे आधी ठरवा. सांगणारा संगणक उद्या मिळेलही. का वळला ते त्यालाही सांगता आलं नाही तर?